घरातल्या पेशंटचं करता करता आपल्या डोक्याचं काय होतं : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली आणि त्यानंतर साडेतीन वर्षं ते घरीच अंथरुणावर होते. राईल्स ट्यूब (नाकातून पोटात अन्न द्यायची नळी), कॅथेटर (लघवीची नळी), डायपर, दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सगळं मी, माझे मिस्टर आणि मधूनमधून ब्युरोच्या, म्हणजे पेशंटचं करायला बायका पुरवणाऱ्या संस्थेच्या, मावशी असं मिळून केलं. अण्णा गेल्यापासून ओळखीतल्या बायका, काही पुरुषही, मला फोन करतात, कारण प्रत्येकाच्या घरात कोणीतरी आहेच. पेशंटचं विचारता विचारता शेवटी आवाज खाली येतो आणि म्हणतात, "अगं, आणि माझंच डोकं चालेनासं झालंय, तुझं पण असं व्हायचं का?" व्हायचं, खूप व्हायचं. मी डॉक्टर नाही, पण त्या काळात मला इतकी भीती वाटली होती की मी जमेल तेवढं वाचलं, ज्या मॅडमकडे माझी ट्रीटमेंट चालू होती त्यांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं, आणि जे कळलं ते इथे एकत्र लिहितेय.

मला आजकाल काही म्हणजे काही लक्षात राहत नाही. मलाही डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतोय का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून पहिला घेतला. बहुतेक वेळा उत्तर नाही असं आहे. मी एकदा मेडिकलच्या काउंटरवर जाऊन उभी राहिले आणि काय घ्यायला आले तेच आठवेना, चिठ्ठी हातात होती तरी. गॅस बंद केला का हे बघायला तीनदा परत जायचं, दूध उतू जायचं, जीपेचा पिन आठवायचा नाही. मला वाटलं संपलं, आता माझंही करायला कोणीतरी लागणार.

पण गोष्ट लक्षात राहायची तर आधी ती नीट आत जावी लागते, आणि आत जायला लक्ष लागतं. तुमचं लक्ष तर सतत आतल्या खोलीत असतं, खोकला आला का, आवाज दिला का, ट्यूब ओढली का. म्हणजे भाजीवाल्याला पैसे दिले ही गोष्ट विसरलेली नसते, ती मुळात नोंदलीच गेलेली नसते. त्यात झोप तुटलेली, आणि आठवणी नोंदवणारा मेंदूचा जो भाग आहे, हिप्पोकॅम्पस, त्यालाच सततच्या ताणाची झळ आधी लागते. (त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.)

साधारण फरक असा की ताणातलं विसरणं आपल्याला स्वतःला खुपतं, आपण तक्रार करतो, आणि थोडी झोप झाली की बरं वाटतं. डिमेन्शियात बहुतेकदा घरच्यांना आधी जाणवतं, त्या माणसाला स्वतःला तेवढं कळत नाही. तरी स्वतःच निदान करून मोकळं होऊ नका. थायरॉइड, बी १२, हिमोग्लोबिन, शुगर, बीपी एवढं तपासून घ्या. शाकाहारी लोकांमध्ये बी १२ कमी असणं आपल्याकडे अगदी कॉमन आहे आणि त्यानेही विसरायला होतं. माझं बरंच कमी निघालं होतं.

ताण तर सगळ्यांनाच असतो ना? आमच्या आजीने खटल्याचं घर सांभाळलं, तिला कधी स्ट्रेस झाला नाही.

आजीला होत असणार, फक्त तो शब्द नव्हता आणि विचारणारं कोणी नव्हतं. ते जाऊदे. मुद्दा असा की ताण दोन प्रकारचा असतो आणि त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

समजा रस्त्यात कुत्रा अंगावर आला. मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा छोटासा भाग, सेकंदाच्या आत जागा होतो, अ‍ॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, पाय पळायला तयार. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास याला लढा किंवा पळा असं म्हटलं. पाठोपाठ दुसरी, जरा संथ साखळी चालू होते, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून त्याच्याच खालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप, पिट्युटरीकडून किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप, आणि तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं हॉर्मोन. त्याची पातळी वर जायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो. ते रक्तात साखर मोकळी करतं म्हणजे ताकद मिळते. आणि कुत्रा निघून गेला की हेच कॉर्टिसॉल परत मेंदूत जाऊन सांगतं की बास, आता थांबवा. म्हणजे ब्रेक पण त्यातच आहे. अगदी सुरेख व्यवस्था आहे ही.

आता कुत्रा जातच नाही असं समजा. साडेतीन वर्षं. रात्री दोनला घशात घरघर, सकाळी युरीन बॅगेत लाल रंग, दुपारी ब्युरोचा फोन की मावशी उद्या येणार नाहीत. प्रत्येक वेळी घंटा वाजते, प्रत्येक वेळी साखळी चालू होते आणि ब्रेक हळूहळू झिजतो. १९३६ मध्ये मॉन्ट्रियलला हान्स सेली यांनी उंदरांवर हेच पाहिलं, त्रास कुठल्याही प्रकारचा असो, थंडी, जखम, विष, बराच काळ दिला की शरीरावर तेच परिणाम दिसतात, अ‍ॅड्रिनल सुजलेल्या, पोटात अल्सर, प्रतिकारशक्तीची ग्रंथी आकसलेली. पुढे ब्रूस मॅकएवन यांनी १९९३ मध्ये एका सहकाऱ्यासोबत या साठत जाणाऱ्या झिजेला अ‍ॅलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं. लोड म्हणजे ओझं, आणि मला तो शब्द फार पटला, कारण पहिल्या महिन्यात जे ओझं आपण सहज उचलतो तेच तिसऱ्या वर्षी तितकंच असून उचलवत नाही.

म्हणजे कॉर्टिसॉल वाईटच ना?

नाही हो. सकाळी जाग येते, अंथरुणातून उठावंसं वाटतं त्यात कॉर्टिसॉलचा मोठा हात आहे. उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी. त्रास होतो तो ही चढउतार बिघडली की. रात्री उतरायला हवं तेव्हा उतरत नाही, सकाळी चढायला हवं तेव्हा चढत नाही, मग रात्री डोळे टक्क उघडे आणि सकाळी अंगात जीव नाही.

मग कॉर्टिसॉलची टेस्ट करून घेऊ का? हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये आहे.

ताण किती आहे हे मोजायला म्हणून नको. ती पातळी दिवसभरात खालीवर होत असते, सुई बघूनही वाढते. ती टेस्ट कुशिंग, अ‍ॅडिसन असल्या ग्रंथींच्या आजारांसाठी डॉक्टर सांगतात, तेव्हा करा. ते पैसे ब्युरोच्या एका जादा रात्रीला वापरा, जास्त उपयोग होईल.

मेंदू खरंच आकसतो का? त्या पेशी मेल्या की परत येत नाहीत असं ऐकलंय.

हे वाचूनच माझी झोप उडाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९६८ मध्ये मॅकएवन यांनी, तेव्हा ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत होते, उंदरांमध्ये दाखवलं की ताणाचं हॉर्मोन मेंदूत जाऊन हिप्पोकॅम्पसला चिकटतं, म्हणजे तिथे त्याचे रिसेप्टर, हॉर्मोन पकडणाऱ्या जागा, भरपूर आहेत. तोपर्यंत हॉर्मोन म्हणजे शरीराचा मामला, विचार आणि आठवणींशी त्याचा काय संबंध असंच धरलं जायचं. नंतर त्यांच्याच लॅबमध्ये १९९० च्या दशकात उंदरांना रोज काही तास असं २१ दिवस कोंडून ठेवून पाहिलं, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड झालेल्या, विरळ झालेल्या दिसल्या. लक्षात घ्या, पेशी मेल्या नव्हत्या, फांद्या आखूड झाल्या होत्या. आणि कोंडणं थांबवल्यावर काही दिवसांतच त्या परत वाढल्या.

माझं माहेर तासगावकडचं, द्राक्षाच्या भागातलं. एप्रिल छाटणी झाल्यावर बाग बघितलीय का कधी? नुसती खोडं आणि ओलांडे, म्हणजे आडव्या जाड फांद्या, नवख्या माणसाला वाटावं बाग जळून गेली. पण माझ्या काकांना विचारलं तर ते म्हणणार, खोड हिरवं आहे ना, मग झालं, पाणी द्या आणि थांबा. मला मेंदूचं हे असंच समजलं आणि तेव्हा पहिल्यांदा शांत झोप लागली.

माणसातही याचा एक पुरावा आहे. कुशिंग नावाच्या आजारात शरीरात कॉर्टिसॉल खूप जास्त तयार होतं आणि अशा लोकांचा हिप्पोकॅम्पस लहान दिसतो. उपचार होऊन कॉर्टिसॉल उतरलं की तो बऱ्याच जणांत पुन्हा वाढलेला आढळलाय.

मी आधी अशी नव्हते. आता पेशंटवर ओरडते, एकदा तर हात पण जोरात झटकला, मग बाथरूममध्ये जाऊन रडते. मी वाईट बाई झाले का?

नाही. हे मी मनापासून सांगतेय, कारण मी पण ओरडलेय अण्णांवर, जो माणूस मला सुनबाई न म्हणता बाळ म्हणायचा त्याच्यावर, आणि तेही ट्यूब ओढली म्हणून, जे त्यांना कळतसुद्धा नव्हतं.

कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स असतं. थांब, आत्ता बोलू नको, विचार कर, हे सांगणारा तो भाग. येल युनिव्हर्सिटीच्या एमी आर्न्स्टन यांनी वर्षानुवर्षं दाखवलंय की ताण खूप वाढला की तिथली रसायनं इतकी उसळतात की हा भाग तात्पुरता कामातून जातो आणि सूत्रं जुन्या, झटपट चालणाऱ्या भागांकडे जातात. म्हणजे ज्याने तुम्हाला थांबवायचं तोच त्या क्षणी जागेवर नसतो.

आणि दुसरीकडे घंटा मोठी होत असते. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या लॅबने २००२ मध्ये उंदरांवर जे दाखवलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. दीर्घ ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात, पण अमिग्डालामधल्या फांद्या उलट वाढतात. एकाच डोक्यात, एकाच ताणाने, आठवणीची बाग उघडी पडते आणि भीतीची रानासारखी माजते. म्हणून पाण्याचा ग्लास पडला तरी आपण आभाळ कोसळल्यासारखं दचकतो आणि अंगावर धावून जातो.

त्यात झोप नसेल तर बघायलाच नको. २००७ च्या एका प्रयोगात निरोगी तरुण मुलांना साधारण ३५ तास जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली, तर झोपलेल्या मुलांपेक्षा त्यांचा अमिग्डाला ६० टक्के जास्त पेटला. ती तर एका रात्रीची गोष्ट होती, आपल्या किती रात्री गेल्यात ते मोजा.

हात उचलला जाण्याइतकं होत असेल तर त्या क्षणी पेशंट सुरक्षित आहे बघून खोलीबाहेर या, दार लोटा, पाच मिनिटं बाहेर थांबा. आणि त्याच दिवशी घरातल्या कोणालातरी सांगा की आज असं झालं. लपवू नका, मी लपवलं आणि ते वाढतच गेलं.

शरीरावर पण परिणाम होतो का? माझ्या बोटाला चीर पडलीय ती भरतच नाहीये.

शुगर आधी तपासा. पण हो, होतो, आणि यावर एक अगदी आपलाच वाटेल असा अभ्यास आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये १९९५ मध्ये डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाचं करणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि त्यांच्याच वयाच्या, परिस्थितीच्या पण असं काही करावं न लागणाऱ्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर सारखीच छोटीशी जखम केली, साडेतीन मिलिमीटरची. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, सेवा करणाऱ्यांची जवळपास ४९ दिवसांत. नऊ-दहा दिवसांचा फरक. हे मी मिस्टरांना वाचून दाखवलं तेव्हा ते गप्प झाले आणि पुढच्या आठवड्यापासून रात्रपाळी वाटून घ्यायला लागले. आकडा कधीकधी आपल्या शंभर वेळा सांगण्यापेक्षा जास्त काम करतो, म्हणून तुम्हीही घरात वाचून दाखवा.

सगळे सांगतात रिलॅक्स हो, सुट्टी घे. पेशंट सोडून सुट्टी कशी घेणार?

लांबची सुट्टी नाही घेता येत, मान्य. पण इथे एक गोष्ट खूप उपयोगी आहे. १९७० च्या आसपास वाइस आडनावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग केले होते, दोन उंदरांना अगदी सारखेच शॉक, पण एकाला शॉकच्या आधी आवाज व्हायचा आणि दुसऱ्याला कधी बसेल याचा काही पत्ता नाही. शॉक तेवढेच बसूनही आधी सूचना मिळणाऱ्याला अल्सर कितीतरी कमी झाले. आणि ज्याच्या हातात शॉक थांबवायचं काही साधन होतं त्यालाही कमी झाले.

यातून मी काय शिकले तर विश्रांती नुसती किती मिळते यापेक्षा ती कधी मिळणार हे पक्कं असणं जास्त महत्त्वाचं. "बघू, जमलं तर येते" म्हणणारी मदत ही अर्धीच मदत. आमच्या नणंदेने शेवटी ठरवलं की दर रविवारी ४ ते ७ ती अण्णांजवळ बसणार, काहीही झालं तरी. तीनच तास. पण सोमवारपासूनच मला माहीत असायचं की रविवारी चार वाजता मी सुटणार, आणि खरं सांगते, तो आठवडा वेगळा जायचा. त्या तीन तासांत मी काही मोठं करायचे नाही, बहुतेकदा मैत्रिणीकडे जाऊन चहा पिऊन तिच्याच सोफ्यावर झोपायचे.

म्हणून घरच्यांशी बोलताना "मला मदत करा" असं मोघम बोलू नका, वार आणि वेळ मागा. आणि एक वही ठेवा, औषधांच्या वेळा, युरीन किती झाली, मोशन कधी झालं, डायपर कधी बदललं, जे जे डोक्यात धरून ठेवता ते सगळं वहीत. मेंदूला तेवढंच ओझं कमी, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या माणसाच्या हातात देता येतं, नाहीतर "तुलाच सगळं माहितीये" म्हणून सगळं परत तुमच्याकडेच येतं.

झोपेचं काय करू? दर दोन तासांनी उठावंच लागतं.

दोघं असाल तर रात्र दोन भागांत कापा, १० ते ३ एकाचं, ३ ते सकाळ दुसऱ्याचं, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. एकाच खोलीत दोघंही अर्धवट जागे राहतात, कोणाचीच धड झोप होत नाही, आम्ही पहिलं वर्षभर हीच चूक केली. सलग चार-पाच तास मिळणं हे तुकड्यातुकड्यांच्या सातपेक्षा मला बरं वाटायचं. हवा बदलणारी एअर मॅट्रेस घेतली असेल तर रात्रीची कूस किती तासांनी बदलायची हे डॉक्टरांना विचारा, कधीकधी थोडं अंतर वाढवता येतं, पण स्वतःच्या मनाने वाढवू नका, बेडसोर (पडून पडून होणारी जखम) झाला तर दुप्पट जागरण. चहा दुपारनंतर बंद, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. पुरुष मंडळींसाठी एक सांगते, झोप यावी म्हणून घेतलेला पेग झोप आणतो पण मधेच तोडतो, त्याने भागत नाही.

व्यायामाने खरंच मेंदू सुधारतो की नुसतं सांगायला?

खरंच सुधारतो. २०११ मध्ये अमेरिकेत १२० वयस्कर लोकांवर अभ्यास झाला, निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायला लावलं, बाकीच्यांना नुसतं स्ट्रेचिंग. वर्षानंतर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस २ टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्यांचा साधारण १.४ टक्क्यांनी घटला होता. जिम नाही, मशीन नाही, नुसतं चालणं. मला घराबाहेर ४० मिनिटं मिळायची नाहीत तर मी सोसायटीच्या गच्चीवर वीस-वीस मिनिटं चालायचे, खाली मावशी असताना. जमेल तेवढं, पण पाय हलू द्या.

प्राणायाम, मेडिटेशन?

श्वासाचं लगेच जाणवतं. श्वास सोडताना हृदय थोडं मंदावतं, म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला निरोप जातो की धोका टळला. स्टॅनफर्डच्या २०२३ च्या अभ्यासात रोज पाच मिनिटं, महिनाभर, लोकांना एक साधा प्रकार दिला होता, नाकाने श्वास घ्यायचा, वर अजून थोडासा घ्यायचा आणि मग तोंडाने सावकाश पूर्ण सोडायचा. त्याने लोकांचा मूड सुधारला, मेडिटेशनपेक्षाही थोडा जास्त. अनुलोम-विलोम जमत असेल तर तेही करा. मी डायपर बदलायला जायच्या आधी दाराशी उभी राहून चार-पाच वेळा करायचे.

मेडिटेशनबद्दल मात्र एक स्पष्ट सांगते. आठ आठवड्यांत मेडिटेशनने मेंदूची रचनाच बदलते असं सगळीकडे फिरत असतं, पण २०२२ मध्ये जास्त काटेकोर अभ्यासात तसा बदल दिसला नाही. याचा अर्थ उपयोग नाही असं नाही, मन शांत होतं हे खरंच आहे, पण आठ आठवडे करून काही झालं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. आणि डोळे मिटल्यावर जर तुम्हाला रडूच येत असेल किंवा भीती वाटत असेल तर मिटू नका, नामस्मरण करत चाला, भांडी घासा, मातीत हात घाला.

अश्वगंधा घेऊ का?

छोट्या अभ्यासांमध्ये ताण थोडा कमी झाल्याचं दिसलंय. पण काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तर परस्पर घेऊच नये. डॉक्टरांना विचारून.

ब्युरोची बाई ठेवली तर लोक म्हणतील सून असून नोकरांच्या हाती दिलं.

म्हणतील. आम्हालाही म्हणाले, आणि त्यातल्या कोणी एक रात्र येऊन बसलं नाही. पैशाचा प्रश्न असेल तर तो खरा प्रश्न आहे, १२ तासांची बाई महिनाभर ठेवणं सगळ्यांना परवडत नाही, तेव्हा आठवड्यातून दोनच रात्री ठेवा, किंवा भावंडांनी मिळून पैसे काढा. पण फक्त लोक काय म्हणतील एवढंच आड येत असेल तर ठेवा. तुम्ही कोलमडलात तर पेशंट दोन होतील.

मी न्यू जर्सीला आहे, तिकडे पुण्यात दादा-वहिनी आईचं सगळं बघतात. मी इथून काय करू शकते?

हा प्रश्न विचारलात हेच खूप आहे. पैसे पाठवत असाल तर ते "आईसाठी" म्हणून पाठवू नका, "वहिनीच्या रात्रीच्या झोपेसाठी बाई" असं नाव देऊन पाठवा, नाहीतर ते औषधांतच संपतात. व्हिडिओ कॉलवर आईशी बोलून झाल्यावर पाच मिनिटं वहिनीशी बोला, आणि तिला सल्ले देऊ नका. नेटवर वाचून "तिला हळदीचं दूध देता का" असं विचारलं की तिकडे काय वाटतं ते मला माहितीये. आणि सुट्टीला येताना पाहुण्यासारख्या येऊ नका, त्या पंधरा दिवसांत घर तुम्ही घ्या, दादा-वहिनींना कोकणात पाठवा.

घरात लहान मुलं आहेत, त्यांच्यावर परिणाम होतो का?

होऊ शकतो. मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची लॅब लहान वयातल्या ताणाचा मोठेपणीच्या भावनांवर काय परिणाम होतो यावर उंदरांमध्ये काम करते, म्हणजे हा विषय शास्त्रज्ञ गंभीरपणे घेतात. पण मुलांच्या बाबतीत दिलासा देणारी गोष्ट अशी की जवळ एक मायेचं, भरवशाचं माणूस असलं की मुलाची ताणाची यंत्रणा बरीच शांत राहते. म्हणून दिवसातली वीस मिनिटं फक्त त्यांची ठेवा. आणि आजोबांना काय झालंय ते त्यांना सोप्या शब्दांत सांगा, न सांगितलेलं जास्त घाबरवतं.

डॉक्टरकडे कधी जावं?

दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप बिघडलेली असेल, तर वाट बघू नका. आणि "हे संपावं, मीच संपावं" असे विचार येत असतील, किंवा पेशंटला काही करून बसू अशी भीती वाटत असेल, तर आजच. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांच्या ओपीडीत दाखवता येतं, तिथे गेलं म्हणजे अ‍ॅडमिट करतात असं नाही.

मला गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी दहाव्या दिवशीच सोडायला निघाले होते, काही फरक नाही म्हणून. मॅडम म्हणाल्या, या गोळ्यांना काही आठवडे लागतात, थांब. थांबले, आणि एक दिवस सकाळी कुकर लावताना मी गुणगुणत होते, माझ्या मुलीने ते आधी ऐकलं. बंद करतानाही त्यांनीच हळूहळू कमी करून बंद केल्या, स्वतःच्या मनाने नाही.

किती दिवसांत पूर्ववत होतं सगळं?

सगळं एकाच वेगाने नाही होत, आणि हे आधी माहीत असतं तर माझा खूप त्रास वाचला असता.

लक्ष आणि विचारांची धार तुलनेने लवकर येते. २००९ मध्ये न्यूयॉर्कला मेडिकलच्या २० विद्यार्थ्यांना मोठ्या परीक्षेची महिनाभर तयारी केल्यानंतर तपासलं, तेव्हा त्यांना एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष वळवणं जड जात होतं आणि स्कॅनमध्ये प्रीफ्रंटल भागाची जोडणीही सैल दिसत होती. परीक्षेनंतर महिनाभराने बघितलं तर ते पुन्हा बाकीच्यांसारखेच झाले होते. ती तरुण मुलं, ताण महिन्याचा, आपला वर्षांचा, त्यामुळे आपल्याला जास्त वेळ लागणार, पण दिशा तीच.

भीतीचं मात्र वेगळं आहे. चटर्जींच्या लॅबने २००४ मध्ये पुढचं पाहिलं. दहा दिवस ताण दिलेल्या उंदरांना नंतर २१ दिवस आरामात ठेवलं, तर हिप्पोकॅम्पस सावरला, पण अमिग्डालामधल्या वाढलेल्या फांद्या तशाच राहिल्या आणि भित्रेपणाही राहिला. म्हणून पेशंट बरा झाला किंवा गेला, सगळं शांत झालं, डोकंही चालायला लागलं, तरी धडधड, दचकणं, रात्री अचानक उठून बसणं हे मागे रेंगाळतं. लोक म्हणतात आता कसलं टेन्शन, आता तर मोकळी झालीस. त्यांचं ऐकून स्वतःशी भांडू नका.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. पिन आठवतो, दूध उतू जात नाही, पुस्तक हातात घेतलं तर पंधरा-वीस पानं सलग वाचून होतात. पहिले सहा-सात महिने मात्र मी रोज रात्री दोनला उठून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे, लाइट लावायचे, रिकामा पलंग बघायचे आणि मग परत यायचे. नंतर ते आठवड्यातून दोनदा झालं, मग कधीतरी. गेल्या महिन्यात एकदाच झालं, आणि त्या रात्री परत येऊन मला लगेच झोप लागली.